अडत दुकानाचे ॲप्लिकेशन अँग्युलरजेएस १.५ वरून व्ह्यू किंवा रिॲक्टवर न्यायचे आहे: सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ (सांगली), प्रश्न

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातील काही अडत दुकानांसाठी आम्ही एक वेब ॲप्लिकेशन चालवतो. हळद आणि बेदाणा या दोन मालांची आवक नोंदवणे, सौद्यात निघालेला दर लॉटनिहाय भरणे, मापाड्याने सांगितलेली वजने पोत्यागणिक टाकणे, हमाली, तोलाई आणि आधी दिलेली उचल वजा करून शेतकऱ्याची पट्टी छापणे आणि दिवसाअखेर खरेदीदारांची येणी खतावणीला चढवणे, एवढे त्याचे काम आहे. सर्व्हरकडची बाजू लाराव्हेल या पीएचपी चौकटीत असून तिच्याबद्दल तक्रार नाही. पडद्याकडची, म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारी बाजू मात्र २०१६ साली अँग्युलरजेएस १.५ या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहिली गेली; व्ह्यू आणि रिॲक्ट या तशाच कामाच्या नव्या लायब्ररी. ज्यांनी ती लिहिली ते आता या कामात नाहीत, आणि सध्या मी आणि माझे एक सहकारी असे दोघेच तिची देखभाल करतो.

अँग्युलरजेएसचा अधिकृत पाठिंबा ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला आणि १.८.३ ही तिची शेवटची आवृत्ती ठरली, हे आम्हाला ठाऊक होते. पण काम चालते आहे तोवर चालू द्यावे, अशीच आजवरची भूमिका होती. अलीकडे एका ग्राहकाने स्वतःच्या संगणक व्यवस्थेची सुरक्षा तपासणी करून घेतली आणि तिच्या अहवालात आमच्या लायब्ररीवर लाल खूण आली. त्यामुळे आता टाळाटाळ करता येणार नाही.

सध्याची स्थिती अशी आहे. बहुतेक सर्व हिशोब कंट्रोलरमध्ये, म्हणजे प्रत्येक पडद्याचे काम चालवणाऱ्या कोडमध्येच आहेत. पट्टीचा कंट्रोलर एवढा वाढला आहे की त्यात कुठे काय आहे हे शोधण्यातच वेळ जातो. वजने भरण्याच्या पडद्यावर प्रत्येक पोत्याला एक ओळ असते आणि मोठा लॉट आला की टंकलेखन अडखळू लागते, कारण एका आकड्याच्या बदलासाठी साऱ्या ओळींचे वॉच (मूल्य बदलले का हे पाहणाऱ्या नोंदी) पुन्हा तपासले जातात. तारीख निवडणे आणि नावांची यादी यांसाठी जेक्वेरीचे जुने प्लगइन आहेत. बिल्ड, म्हणजे फायली एकत्र करून तयार करण्याची, अशी काही पायरी नाही. फायली थेट स्क्रिप्ट टॅगने चढवल्या जातात. काही दुकानांत अजून विंडोज ७ आहे, म्हणजे तेथे क्रोमची १०९ ही आवृत्तीच अखेरची.

आमचे प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत. व्ह्यू घ्यावे की रिॲक्ट? सगळे नव्याने लिहून एका दिवशी बदलावे, की एकेक पडदा बदलत जावे? आणि हळदीची आवक साधारण फेब्रुवारीपासून वाढते व मेपर्यंत जोरात राहते. त्या काळात सौदा सुरू असताना पडदा बंद पडला तर कोणी ऐकून घेणार नाही, हे लक्षात घेऊन कामाची आखणी कशी करावी? ज्यांनी असे स्थलांतर प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

अजिंक्यतारा (सातारा)

व्ह्यू की रिॲक्ट हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा, असे मी सुचवेन. तुमच्या वर्णनात खरी जोखीम एकाच वाक्यात आहे: हिशोब कंट्रोलरमध्ये आहेत. जोवर ते तेथे आहेत तोवर कोणतीही लायब्ररी घेतली तरी पडदा आणि पट्टीचा हिशोब एकाच वेळी नव्याने लिहावा लागेल, आणि आकडा चुकला तर दोष पडद्याचा की हिशोबाचा हे कळणार नाही.

म्हणून पहिले काम अँग्युलरजेएसमध्येच राहून करावे. किंमत काढणे, वजावटी लावणे, रुपयाला पूर्णांक करणे ही सारी कामे साध्या जावास्क्रिप्टच्या वेगळ्या फाईलमध्ये काढावीत. त्या फाईलमध्ये स्कोप (पडद्याला जोडलेली माहिती) नको, एचटीटीपी सेवा नको, पडद्यावरच्या कोणत्याही घटकाचा उल्लेख नको. वजने, दर आणि वजावटी आत जाव्यात आणि पट्टीचे आकडे बाहेर यावेत, एवढेच. जुना कंट्रोलर तीच फाईल वापरू लागेल आणि ग्राहकाला काहीही बदललेले दिसणार नाही. त्यानंतर मागील हंगामात छापलेल्या पट्ट्या डेटाबेसमधून काढून त्यांची मूळ वजने व दर या नव्या फाईलमधून चालवावेत आणि निघालेली रक्कम छापलेल्या रकमेशी पैशापर्यंत ताडून पाहावी. ज्या पट्ट्या जुळणार नाहीत त्या बाजूला काढून एकेक तपासाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढे पडदा कोणत्याही लायब्ररीत लिहिला तरी ही फाईल आणि ही तपासणी तशीच उपयोगी पडते.

दुसरा मुद्दा असा की अँग्युलरजेएस पुष्कळ कामे न सांगता करत असते, आणि ती बंद झाली की मगच त्यांचा पत्ता लागतो. काही उदाहरणे देतो.

संख्येच्या प्रकारच्या इनपुटला एनजी-मॉडेल (चौकट आणि कोडमधले मूल्य जोडणारी खूण) लावले की मॉडेलमध्ये खरी संख्या येते, आणि चौकट रिकामी असेल तर नल, म्हणजे 'काहीच नाही' असे मूल्य येते. रिॲक्टमध्ये त्याच चौकटीतून बदलाच्या वेळी मिळते ती अक्षरमाला, म्हणजे स्ट्रिंग. पोत्याचे वजन ५० आणि त्यात २ मिळवायचे असतील तर बेरीज ५२ न होता ५०२ होते. वजाबाकी आणि गुणाकार मात्र बरोबर येतात, कारण तेथे जावास्क्रिप्ट स्वतःच संख्येत रूपांतर करते. त्यामुळे ही चूक सगळीकडे दिसत नाही, फक्त बेरजांत दिसते.

मजकुराच्या चौकटीत एनजी-मॉडेल पुढची-मागची रिकामी जागा आपोआप छाटते. ती छाटणी गेली की शेतकऱ्याच्या नावापुढे एक स्पेस पडल्याने त्याच माणसाची दोन खाती तयार होतात, आणि उचल एका खात्यावर तर पट्टी दुसऱ्यावर जाते. ही गोष्ट पडद्यावर डोळ्यांना दिसत नाही, हे अधिक वाईट.

तिसरे उदाहरण पूर्णांकाचे. अँग्युलरजेएसचा नंबर फिल्टर संख्येचे दशांशातले अंक पाहून अर्ध्याला वर नेतो, म्हणून १.००५ ही संख्या दोन स्थळांपर्यंत १.०१ अशी दिसते. जावास्क्रिप्टची टूफिक्स्ड ही क्रिया मात्र संगणकाने द्विमान पद्धतीत साठवलेली खरी किंमत पाहते, आणि ती १.००५ पेक्षा किंचित कमी असल्याने उत्तर १.०० येते. तुमच्या धंद्यात असे प्रसंग नेमाने येणार. ५० किलो ३५० ग्रॅम मालाला क्विंटलला १४,१५० रुपये दर लागला तर किंमत ७,१२४ रुपये आणि बरोबर साडेबावन्न पैसे होते. हा अर्धा पैसा वर जायचा की खाली, हे लायब्ररीच्या स्वभावावर सोडू नये. वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, अशा पूर्ण संख्यांत सगळा हिशोब करावा आणि अर्ध्याचा नियम त्या वेगळ्या फाईलमध्ये स्वतः लिहावा. वरच्या उदाहरणातला गुणाकार सुमारे सात हजार कोटींच्या घरात जातो, पण जावास्क्रिप्ट नऊ हजार लाख कोटींपर्यंतच्या पूर्ण संख्या अचूक धरते. त्यामुळे तेथे अडचण नाही.

विश्रामबाग (सांगली)

मी थोडे वेगळे मत मांडतो. अहवालात लाल खूण आली म्हणून सगळे नव्याने लिहायला घेणे हा फार महाग उपाय आहे. २०२१ नंतर अँग्युलरजेएसमध्ये ज्या त्रुटी जाहीर झाल्या त्यांतील बऱ्याच अशा आहेत की मुद्दाम रचलेला मजकूर दिला तर रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवण्याचा नमुना) तपासताना ब्राउझर अडकून पडतो. ज्या ॲप्लिकेशनमध्ये दुकानातील चार ओळखीची माणसे प्रवेश करतात आणि बाहेरच्या कोणाचा मजकूर पडद्यावर येत नाही, तेथे या धोक्याचे वजन निराळे असते. अहवाल लिहिणाऱ्यांना आवृत्तीचा आकडा दिसतो, वापर दिसत नाही.

तुम्ही निदान १.५ वरून १.८.३ वर या. तेवढ्याने जाहीर झालेल्या जुन्या त्रुटींपैकी अनेक मिटतात. मात्र मधल्या आवृत्त्यांतील बदलांची यादी वाचूनच हे करा. १.६ पासून एचटीटीपीच्या उत्तरावरची सक्सेस आणि एरर ही नावे काढून टाकली आहेत, आणि कंपोनेंटला बाहेरून दिलेली मूल्ये कंट्रोलर तयार होताना उपलब्ध नसतात, ती ऑन-इनिट या त्यानंतरच्या टप्प्यातच वाचावी लागतात. पैसे घेऊन जुन्या लायब्ररींना सुरक्षा दुरुस्त्या पुरवणाऱ्या कंपन्याही आहेत. पण आपल्याकडच्या दुकानांच्या वार्षिक वर्गणीत तो खर्च बसेल असे मला वाटत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही आभार. विश्रामबाग यांचा मुद्दा आम्हाला पटतो, परंतु केवळ १.८.३ वर येऊन थांबणे शक्य दिसत नाही. त्याचे कारण सुरक्षेपेक्षा मनुष्यबळाचे अधिक आहे. सांगली-इस्लामपूरकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून जी मुले बाहेर पडतात त्यांना अँग्युलरजेएसचे नावही माहीत नसते, आणि ज्यांना ते येते ते पुण्याहून परत यायला तयार नसतात. उद्या आम्हा दोघांपैकी एक जण कामात नसेल तर हे सांभाळणारा कोणी मिळणार नाही. तरीही आधी १.८.३, मग हिशोब वेगळे काढणे आणि त्यानंतर पडदे, हा क्रम योग्य वाटतो.

अजिंक्यतारा यांनी सुचवलेली ताडणी आम्ही काही जुन्या पट्ट्यांवर लगेच करून पाहिली. रक्कम बहुतांश ठिकाणी जुळली. जेथे जुळली नाही तेथे असे आढळले की पडद्यावर एक रक्कम दिसत होती आणि छपाईच्या पानावर दुसरी, कारण पडद्याने नंबर फिल्टर वापरला होता आणि छपाईच्या पानाने टूफिक्स्ड. फरक एका पैशाचा आणि पट्टी शेवटी रुपयालाच पूर्ण होत असल्याने आजवर कोणाच्या लक्षात आला नसावा.

आता प्रश्न असा उरतो की काही पडदे जुन्या लायब्ररीत आणि काही नव्या, असे दोन्ही एकाच ॲप्लिकेशनमध्ये कसे नांदवायचे? एका पानाचा काही भाग जुना आणि काही नवा, असेही करता येते असे वाचले आहे. ते करावे का?

मिरज_जंक्शन

दोन मार्ग आहेत आणि दोन्ही मी वापरले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला मार्ग पडद्यांची वाटणी पत्त्यानुसार करण्याचा. आवक नोंदीचा पत्ता नव्या ॲप्लिकेशनकडे जातो, पट्टीचा पत्ता जुन्याकडेच राहतो, आणि कोणता पत्ता कोणाकडे हे एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या किंवा लाराव्हेलच्या मार्गांच्या फाईलमध्ये ठरते. दोघांचे सर्व्हर-सत्र एकच असल्याने पुन्हा लॉगिन करावे लागत नाही. एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना पान पूर्ण नव्याने उघडते, एवढीच किंमत मोजावी लागते. आणि दुकानात बसून काम करणाऱ्या माणसाला ती जाणवतही नाही. तुमच्यासारख्या दोघांच्या चमूला मी हाच मार्ग सुचवेन. नवा पडदा बिघडला तर मार्गांच्या फाईलमधली एक ओळ पूर्ववत केली की जुना पडदा परत येतो, आणि सौद्याच्या वेळी हा दिलासा फार मोठा असतो.

दुसरा मार्ग जुन्या पानाच्या आत नवा तुकडा बसवण्याचा. तुमच्या वजनांच्या तक्त्यासारखी एखादी जागा फारच अडत असेल आणि पूर्ण पडदा लगेच बदलणे शक्य नसेल, तरच तो घ्यावा. त्यासाठी अँग्युलरजेएसमध्ये एक छोटे डिरेक्टिव्ह (एचटीएमएलच्या घटकाला जोडायचा कोड) लिहायचे. ते एक रिकामी चौकट तयार करते, तिच्यात रिॲक्टचे रूट किंवा व्ह्यूचे ॲप बसवते, बाहेरची माहिती बदलली की ती आत देते, आणि स्कोप नष्ट होताना आतले रूटही काढून टाकते. हे शेवटचे विसरले तर पडदे बदलत राहिल्यावर जुने तुकडे स्मृतीत साचत जातात आणि दुपारपर्यंत ब्राउझर जड होतो.

त्या चौकटीच्या आतल्या घटकांना जुन्या बाजूने कधीही हात लावायचा नाही आणि बाहेरच्यांना नव्या बाजूने. एका बांधाला दोन मालक झाले की जे होते तेच येथेही होते. जेक्वेरीचा तारखेचा प्लगइन नव्या तुकड्यात आणू नका; तो आपल्या मर्जीने घटक घालतो-काढतो आणि रिॲक्टला वाटते की ते अजून जागेवर आहेत. साधे तारखेचे इनपुट क्रोम १०९ मध्ये व्यवस्थित चालते.

आतल्या तुकड्याने काही बदल केला तर तो अँग्युलरजेएसला आपोआप कळत नाही. बदलाची हाक डायजेस्टच्या, म्हणजे त्याच्या बदल तपासण्याच्या फेरीच्या, बाहेरून आलेली असते, म्हणून ती अप्लाय किंवा अप्लाय-असिंकमध्ये गुंडाळून द्यावी लागते. हे राहिले तर तक्त्यात वजन बदलते पण पानाच्या वरची एकूण रक्कम तशीच राहते, आणि माणसाने दुसरीकडे कुठे क्लिक केले की अचानक बरोबर होते. अशी तक्रार आली की कारण बहुधा हेच समजावे.

आता सर्व्हरशी बोलण्याबद्दल, कारण लाराव्हेल म्हटल्यावर हे सांगणे आवश्यक आहे. विनंती आपल्याच पानावरून आली हे ओळखण्यासाठी लाराव्हेल एक्सएसआरएफ-टोकन नावाची कुकी पाठवते, आणि अँग्युलरजेएसची एचटीटीपी सेवा ती वाचून प्रत्येक विनंतीच्या शीर्षकात स्वतःहून जोडते. ब्राउझरचे फेच, म्हणजे विनंती पाठवण्याची त्याची स्वतःची सोय, हे काम करत नाही. परिणामी नव्या पडद्यावरून पट्टी जतन करायला गेल्यावर लाराव्हेल ४१९ हे उत्तर देऊन नकार देते. त्यात भर अशी की एचटीटीपी सेवा नकाराच्या उत्तराला चूक मानते, तर फेच मात्र सर्व्हरचे कोणतेही उत्तर आले की काम झाले असे समजते. ४१९ आले काय किंवा ५०० आले काय, त्याच्या लेखी विनंती पोहोचली. उत्तराचा ओके हा गुण तपासला नाही तर पडद्यावर 'पट्टी जतन झाली' असा संदेश येतो आणि डेटाबेसमध्ये काहीच नसते. ॲक्सिओस ही लायब्ररी त्याच नावाची कुकी वाचते आणि नकाराला चूकही मानते, त्यामुळे स्थलांतराच्या काळात मी तीच वापरतो.

आणखी एक बारीक गोष्ट. एनजी-रिपीट ज्या यादीवर फिरते तिच्यातील प्रत्येक वस्तूला, ट्रॅक-बाय (वस्तू कशावरून ओळखायची ते) दिलेले नसेल तर, दोन डॉलर चिन्हांनी सुरू होणारा हॅश-की नावाचा गुण चिकटवते. अँग्युलरजेएस स्वतः माहिती पाठवताना तो गाळते. तीच यादी नव्या तुकड्याने साध्या जेसनमध्ये रूपांतरित करून पाठवली तर हा गुणही सर्व्हरकडे जातो. तुमचा सर्व्हर अनोळखी गुण नाकारत असेल तर तेथे विनंती अडेल, आणि नाकारत नसेल तर तो निमूटपणे डेटाबेसमधल्या जेसन रकान्यात जाऊन बसेल.

कासपठार (सातारा)

लायब्ररीच्या निवडीबद्दल कोणीच स्पष्ट लिहिले नाही, म्हणून लिहितो. तुमच्या परिस्थितीत मी व्ह्यू ३ घेईन.

साच्यांची भाषा अँग्युलरजेएसच्या जवळची आहे, एनजी-इफ आणि एनजी-रिपीटच्या जागी व्ही-इफ आणि व्ही-फॉर येतात, आणि अजिंक्यतारा यांनी सांगितलेल्या दोन अडचणींवर तोडगा आधीच आहे: व्ही-मॉडेलला ट्रिम आणि नंबर असे दोन विशेषक लावता येतात आणि संख्येच्या इनपुटला नंबर आपोआपच लागतो. मात्र चौकट रिकामी असेल तर नलऐवजी रिकामी अक्षरमाला मिळते, तेवढे जपावे. पाइपची खूण देऊन लावायचे फिल्टर व्ह्यू २ मध्ये होते, व्ह्यू ३ मधून काढून टाकले आहेत. रक्कम आणि तारीख सजवण्यासाठी साधी फंक्शने लिहावीत. व्ह्यू २ चा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपला असल्याने, त्याच्यावर आधारलेली जुनी मार्गदर्शिका कोठे सापडली तर तिच्या मागे जाऊ नका. एका पानात दोन्ही बसवणार असाल तर आणखी एक सावधगिरी हवी. दुहेरी महिरपी कंसांची खूण दोघेही वापरतात, त्यामुळे व्ह्यूचा साचा पानाच्या एचटीएमएलमध्ये लिहिला तर अँग्युलरजेएस तो आधी गिळून टाकते. साचे व्ह्यूच्या स्वतंत्र फायलींत ठेवले की हा प्रश्न उद्भवत नाही.

रिॲक्टच्या बाजूने एक सबळ कारण आहे आणि ते तुम्हीच सांगितले: माणसे मिळणे. रिॲक्ट शिकलेली मुले सातारा-सांगलीतही सापडतात. पण ज्याला जावास्क्रिप्ट नीट येते तो व्ह्यू थोड्या दिवसांत शिकतो, आणि ज्याला येत नाही तो रिॲक्ट शिकलेला असूनही तुमच्या कामाला फारसा उपयोगी नाही. तरीही रिॲक्ट घेतलेच तर क्रिएट रिॲक्ट ॲपने सुरुवात करू नका. ते साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवले गेले, आणि शिकवणी वर्गांत अजून तेच शिकवताना दिसते. व्हीट हे बिल्डचे साधन घ्या, ते व्ह्यू आणि रिॲक्ट दोघांनाही चालते.

नवे अँग्युलर हा तिसरा पर्याय नावामुळे जवळचा वाटतो. जुन्यासोबत चालवण्यासाठी त्याचे अधिकृत पॅकेजही आहे. पण त्याची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाठिंबा अठरा महिनेच असतो. दोघांनी मिळून दुकानांच्या तक्रारीही ऐकायच्या आणि हा पाठलागही करायचा, हे जमण्यासारखे नाही.

जाता जाता छपाईबद्दल. शेतकऱ्याला पट्टीवर देवनागरी अंक आवडतात आणि लाख-कोटींचे स्वल्पविरामही योग्य जागी हवे असतात. ब्राउझरच्या इंटल नंबरफॉरमॅटला मराठी-भारत असा स्थानिक संकेत दिला की १,२३,४५६ असे अंक विनासायास मिळतात. पण हे रूपांतर केवळ छापताना, अगदी शेवटच्या पायरीवर करावे. एकदा देवनागरी झालेली अक्षरमाला जावास्क्रिप्टला संख्या म्हणून ओळखता येत नाही, आणि ती परत हिशोबात आली की वजाबाकी-गुणाकारात 'संख्या नाही' असे उत्तर मिळते आणि बेरजेत आकडे नुसते एकापुढे एक जोडले जातात. ज्या अहवालाची प्रत सनदी लेखापालाकडे एक्सेलमध्ये जाते तेथे त्याच संकेताला अंकपद्धती लॅटिन असल्याची पुरवणी जोडावी.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांच्या उत्तरांवर आम्ही दोघांनी बसून विचार केला. व्ह्यू ३ घ्यायचे ठरले आहे. पावसाळ्यात यार्डातले काम सैल असते तेव्हा १.८.३ आणि हिशोबांची वेगळी फाईल ही कामे उरकू. दिवाळीपर्यंत खातेदारांची नोंद आणि अहवाल हे पडदे पत्त्यानुसार वाटणी करून नव्या बाजूला नेऊ, कारण ते बिघडले तरी सौदा थांबत नाही. जानेवारीअखेर जेथे असू तेथे थांबू आणि हंगाम संपेपर्यंत कोणताही पडदा बदलणार नाही. वजने आणि पट्टी हे दोन पडदे सर्वांत शेवटी घेऊ.

एकच शंका राहिली. आमचे सर्व पत्ते हॅश चिन्हानंतर लिहिलेले आहेत. पट्टी तयार झाली की तिचा दुवा शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर जातो आणि मागच्या काही वर्षांचे असे दुवे लोकांच्या फोनमध्ये आहेत. ते चालू ठेवता येतील का?

मिरज_जंक्शन

येतील, पण एनजिनएक्समधून नाही. हॅश चिन्हानंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही, त्यामुळे तेथे पुनर्निर्देशनाचा नियम लिहून उपयोग होत नाही. आणि याच कारणाने पत्त्यानुसार वाटणीही हॅशच्या पत्त्यांवर करता येत नाही. म्हणून १.८.३ वर आल्यानंतर लोकेशन प्रोव्हायडरमध्ये एचटीएमएल५ मोड सुरू करून पत्ते साधे करणे ही तुमची लगेचची पायरी असावी. त्यासाठी पानाच्या शीर्षभागात बेस टॅग हवा आणि लाराव्हेलने त्या सर्व पत्त्यांना तेच मूळ पान द्यायला हवे.

त्याच टप्प्यावर एक गोष्ट आठवणीने करा. १.६ पासून हॅशनंतर उद्गारचिन्ह ही पत्त्याची मूळ पद्धत झाली आहे. तुमचे जुने दुवे बिनउद्गारचिन्हाचे आहेत, त्यामुळे हॅश प्रीफिक्स रिकामा ठेवल्याची ओळ लिहिली नाही तर आवृत्ती बदलल्याच्या दिवशीच ते सारे मुखपृष्ठावर जाऊन पडतील.

पुढे मूळ पत्त्यावरचे पान नव्या ॲप्लिकेशनचे झाले की त्याच्या अगदी सुरुवातीला, व्ह्यू चढण्याआधी, काही ओळींची साधी स्क्रिप्ट ठेवा: पत्त्यात हॅशनंतर पट्टीचा मार्ग आढळला तर त्यातला क्रमांक काढून लोकेशन रिप्लेसने नव्या पत्त्यावर पाठवायचे. असाइन वापरू नका, नाहीतर फोनवर मागे जाण्याचे बटण दाबणारा माणूस पुन्हा पुन्हा त्याच पट्टीवर येत राहील. आणि हे दुवे लॉगिनशिवाय उघडत असतील, तर नव्या पत्त्यात नुसता पट्टी क्रमांक ठेवू नका. लाराव्हेलची सही केलेल्या दुव्यांची सोय वापरा. नाहीतर एक आकडा बदलून कोणालाही शेजाऱ्याची पट्टी पाहता येईल. जुन्या दुव्यांत सही नसणार, म्हणून ते उघडताना शेतकऱ्याच्या नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवून मगच पट्टी दाखवा.